स्वयंपाकघरातील पाषाण : ओट्याचा पूर्वेतिहास व काही अनुभवाचे बोल

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत कुलवृत्तान्त, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, दिवंगतांस श्रद्धांजली व वधूवरांची यादी यांस स्थान असते. त्या पंक्तीत स्वयंपाकघरातील ओट्यावर लेख यावा हे काही वाचकांस विपरीत वाटेल. परंतु अलीकडे आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबांनी जुनी घरे दुरुस्त करून घेतली, कित्येकांनी शहरात सदनिका घेतल्या, आणि अशा बहुतेक घरी ओट्यावर नवा दगड बसला आहे किंवा बसावयाचा आहे. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. हयातभर शाळेत इतिहास-भूगोल शिकविला, राजांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. पण ज्या दगडापाशी आपली आई, पत्नी व सून यांचे निम्मे आयुष्य जाते, त्या दगडाची सनावळी आम्ही कधी पाहिली नव्हती. ती न पाहिल्यामुळे आमच्याच घरी दोन चुका घडल्या. एकीची किंमत आमच्या सौ.ना मोजावी लागली. दुसरीची किंमत कोणी मोजली असेल, याचा विचार अद्याप आमचा पिच्छा सोडीत नाही. त्या चुका इतरांकडून घडू नयेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ओटा घरात कसा आला?

'ओटा' हा शब्द मूळचा स्वयंपाकघरातील नव्हे. आमच्या बालपणी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी ओटा म्हणजे घरापुढील दगडी बैठक. त्यावर सायंकाळी पुरुष मंडळी पानसुपारी घेऊन बसत, पाऊसपाण्याच्या गोष्टी करीत, आणि आल्यागेल्याची विचारपूस होई. बायकांचे राज्य आत माजघरापलीकडे, आणि ते सर्व जमिनीवर. शेणाने सारविलेली भुई, एका कोपऱ्यात चूल व तिच्या अंगाला वैल, जवळच फुंकणी, भिंतीशी मडक्यांची उतरंड, आणि बसावयास एक पाट. विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जातेही जमिनीवरच. आमची आई पहाटे जात्यापाशी बसे ती दुपारी जेवणे आटोपेपर्यंत बैठकीतच वावरे. मध्ये पाणी, मीठ, सरपण यांसाठी किती वेळा उठे याची गणती कोणी केली नाही. उतारवयात तिचे गुडघे धरले, तेव्हा घरातील सर्वांनी तो वयाचा दोष मानला.

म्हणजे त्या स्वयंपाकघरात दगड नव्हता असे नव्हे. दगड होता, पण तो दळणाचा व वाटणाचा. तो इथल्याच मातीतला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरावर थर बाहेर पडले व ते थिजून दख्खनचा हा विस्तीर्ण खडक बनला. भूशास्त्रज्ञ त्यास बेसाल्ट म्हणतात. महाराष्ट्राचा फार मोठा भाग या खडकाने व्यापिला आहे. याच पाषाणात अजिंठ्याची लेणी कोरली गेली. इसवी सनाच्या आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी वेरूळचे कैलास लेणे याच पाषाणातून वरून खाली कोरीत आणले गेले. आणि त्याच खडकाच्या तुकड्यांतून गावोगावच्या पाथरवटांनी जाती, पाटे व उखळे घडविली. पाटा गुळगुळीत झाला म्हणजे त्यास टाकी लावणारे दारावर येत. हातोडीच्या ठोक्याठोक्यागणिक पाट्यावर नवे दात उमटत, आणि आम्ही मुले डोळ्यांत कचका जाऊ नये म्हणून दूर उभे राहून ते पाहत असू.

बाहेरगावाहून आलेला दगड

येथे एक कौतुकाची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या महाराष्ट्राला दगडांचा देश म्हणतात, त्या महाराष्ट्राला आपल्या ओट्याचा दगड बाहेरून आणावा लागला. कारण असे की, आपला काळा पाषाण कणखर खरा, पण त्यास आडव्या-उभ्या चिरा फार. त्याचे पातळ व रुंद तक्ते सहजासहजी निघत नाहीत. लेणे कोरावे, तट बांधावा, जाते घडवावे, यांस तो उत्तम. परंतु दीड-दोन फूट रुंद आणि बोटभर जाडीची लादी मागाल तर तो देत नाही. याउलट चुनखडीचा खडक पाण्याच्या तळाशी थरांवर थर साचून झालेला असतो. त्यामुळे पुस्तकाची पाने सुटावीत तशा त्याच्या फरशा सुटतात.

असा थरांचा दगड आपणास दोन ठिकाणांहून मिळाला. करड्या रंगाची शहाबादी फरशी ही शहाबादची. हे गाव पूर्वी निजामाच्या राज्यात होते. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत तो गुलबर्गा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि आज तो कर्नाटकातील कलबुर्गी जिल्हा म्हणून ओळखला जातो. काळसर रंगाचा कडप्पा हा आंध्रातील कडप्पा जिल्ह्याचा. नकाशा उघडून पाहिल्यास असे दिसेल की, ही दोन्ही गावे मुंबईहून सोलापूर-रायचूरवरून मद्रासकडे जाणाऱ्या एकाच लोहमार्गावर आहेत. मुंबईकडून आलेला व मद्रासकडून आलेला असे दोन मार्ग १८७१ साली रायचूर येथे एकत्र मिळाले. जड दगड बैलगाडीने शेकडो कोस नेणे परवडत नाही; आगगाडीच्या वाघिणीतून तो सहज जातो. आपल्या आजीच्या न्हाणीतील फरशी व आईच्या ओट्यावरील कडप्पा यांच्या पाठीशी हा लोहमार्ग उभा आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात आम्ही कधी शिकविले नाही, याचा आज खेद वाटतो.

चूल वर कोणी उचलली?

दगड आला तरी चूल लागलीच वर गेली नाही. लाकडाची चूल उंचावर मांडणे गैरसोयीचे होते. शिवाय उभ्याने रांधलेले अंगी लागत नाही, असे आमची आजी म्हणे. हा समज घरोघर कमीअधिक प्रमाणात होता. १९३० नंतर मुंबईत दादर-माटुंग्याकडे मध्यम वर्गासाठी स्वतंत्र सदनिकांच्या इमारती उठू लागल्या. नळ घरात आला, मोरी घरात आली, आणि घासलेटचा स्टोव्ह आला. स्टोव्ह उचलून कोठेही ठेवता येई. कोणी तो जमिनीवरच ठेवला, कोणी लाकडी फळीवर चढविला.

परंतु आमच्या मते ओट्याची प्रतिष्ठापना खऱ्या अर्थाने केली ती गॅसच्या टाकीने. १९५० च्या दशकात मुंबईत टाकीतील गॅस घरोघरी मिळू लागला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यात दिली गेली. पुढे तो हळूहळू तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. हा वायू हवेहून जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणून टाकी उभी ठेवावी आणि शेगडी टाकीहून उंच जागी असावी, असा नियमच घालून देण्यात आला. जमिनीवर शेगडी व शेजारी टाकी ही मांडणी त्या नियमात बसत नाही. जी गोष्ट आईच्या गुडघ्यांना घडवून आणता आली नाही, ती लोखंडी टाकीने घडविली. चूल उचलली गेली, तिच्याखाली ओटा बांधावा लागला, आणि घरापुढे पुरुषांच्या बैठकीला जो शब्द होता तो स्वयंपाकघरात येऊन राहिला. १९६० च्या दशकात विजेचे मिक्सर बाजारात आले, आणि पाटा-वरवंटाही क्रमाने कोपऱ्यात गेला. विळीच्या जागी सुरी आली. बसून करावयाचे काम उभ्याने होऊ लागले.

आमच्या घरी १९७५ च्या सुमारास कडप्प्याचा ओटा झाला. गवंड्याने विटांच्या दोन भिंती उचलल्या, त्यांवर कडप्पा ठेवला, आणि आईला उभे करून विचारले, "काकू, इथवर ठेवू का अजून खाली?" आईने कणीक मळावयास हात पुढे करावेत तसे हात केले व म्हणाली, "दोन बोटं खाली घे." एवढीच ती मोजणी. आई जिवंत असेपर्यंत त्या ओट्याबद्दल तिची तक्रार आम्ही ऐकली नाही. हा प्रसंग पुढे आम्हांस आठवला असता तर बरे झाले असते.

ग्रॅनाइट व त्याचे भाईबंद

कडप्प्यास एक उणेपण आहे. तो चुनखडीचा असल्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांचे त्यास वावडे. आंबट पदार्थ सांडून राहिला की तेथे पांढुरका डाग पडतो. वर्षानुवर्षांनी त्याचा काळेपणा जातो व कडेचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून हिऱ्याच्या दातांची पाती असलेली कापणीयंत्रे सर्वत्र होऊन कठीण दगड कापणे सोपे झाले, तसा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ग्रॅनाइट आपल्या घरांत शिरला. महाराष्ट्रात नांदेडकडे व पूर्व विदर्भात ग्रॅनाइट आहे, परंतु बाजारातील पुष्कळसा माल कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तामिळनाडू व राजस्थान येथील असतो. दक्षिणेतील काही ग्रॅनाइटांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात जाते. त्यांपुढे आपला काळा पाषाण म्हणजे कालचे पोर!

दगडाचा कठीणपणा मोजण्याची एक ते दहा अशी श्रेणी आहे. त्या श्रेणीत चुनखडीतील मुख्य खनिजाचा क्रमांक तीन, ग्रॅनाइटमधील फेल्स्पारचा सहा व क्वार्ट्झचा सात. घरातील सुरीचे पोलाद साधारण साडेपाचपर्यंत. म्हणून सुरीने कडप्पा ओरखडतो, ग्रॅनाइट सहसा ओरखडत नाही. मात्र व्यापारात ज्यास 'काळा ग्रॅनाइट' म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतो. तो डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा दूरचा नातलग. तो टिकाऊ असतो. नावाच्या फरकाने भिण्याचे कारण नाही.

संगमरवर दिसावयास मनोहर. मकराण्याच्या संगमरवराने ताजमहाल उभा केला. परंतु जेथे हळद, लिंबू व आमसूल नित्य सांडते तेथे तो शोभत नाही, कारण तोही चुनखडीच्याच कुळातला. अलीकडे 'क्वार्ट्झ' या नावाने तयार तक्ते मिळतात. ते निसर्गातील दगड नव्हेत. क्वार्ट्झची पूड व राळेसारखे चिकट रसायन यांच्या मिश्रणातून ते कारखान्यात दाबून बनवितात. त्यांवर डाग कमी पडतात, पण तापलेला तवा थेट ठेवल्यास राळ करपून कायमचा व्रण राहतो. त्यांविषयी आणखी एक गंभीर गोष्ट पुढे सांगावयाची आहे.

दगड बसविताना काय घडते

आता ज्यांच्या घरी हे काम निघावयाचे आहे त्यांनी कोणत्या गोष्टींची अपेक्षा ठेवावी ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट निवडीची. वखारीत हाताएवढा नमुना पाहून दगड ठरवू नये. जो तक्ता आपल्या घरी यावयाचा तोच पाहावा, कारण एकाच नावाच्या दोन तक्त्यांत रंग व रेषा भिन्न असतात. मिळाल्यास एखादा तुकडा घरी आणून त्यावर लिंबाचे थेंब तासभर ठेवावेत. चकाकी गेली तर त्यात चुनखडी आहे असे समजावे. दुसऱ्या जागी पाण्याचे थेंब ठेवावेत. दहा मिनिटांत दगड काळवंडला तर तो पाणी पितो, म्हणजे तेल व हळदही पिईल. त्यास सीलर लावून घ्यावा लागेल. काळ्या दगडावर स्पिरिटचा बोळा घासून पाहावा. बोळा काळा झाला तर दगडास रंग चढविलेला आहे.

दुसरी गोष्ट मोजणीची. ओट्याखालील आधार व ट्रॉल्या पूर्ण झाल्याशिवाय दगडाचे अंतिम माप घेऊ देऊ नये. आपल्या घरांच्या भिंती डोळ्यांना काटकोनात दिसतात, गुण्या लावला म्हणजे त्यांचे खरे रूप कळते. म्हणून शहाणा मिस्त्री पुठ्ठ्याचा साचा कापून नेतो. सिंक व शेगडी यांची भोके कागदावरील आकड्यावरून न पाडता वस्तू समोर ठेवूनच पाडावीत. भोकाचे कोपरे ही दगडाची दुबळी जागा. तेथे गोलाई ठेवली नाही तर चीर जाते.

तिसरी गोष्ट वजनाची. वीस मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस फुटास सुमारे पाच किलो भरते. दहा फूट लांब व दोन फूट रुंद ओटा म्हणजे शंभर किलो झाला. तक्ता आडवा धरून नेल्यास स्वतःच्याच भाराने मोडतो, म्हणून कारागीर तो कडेवर उभा धरून नेतात. जिन्याचे वळण व दाराची रुंदी आधी मोजून ठेवावी. सांधा कोठे येणार हेही तेव्हाच विचारावे. तो सिंकवर येऊ देऊ नये.

चौथी गोष्ट बसविण्याची. खाली सलग आधार हवा. आपल्याकडे बहुधा कडप्पा घालून त्यावर मालात ग्रॅनाइट बसवितात. लांबीच्या दिशेने पाणसळ लावून सपाटी पाहावी, आणि किंचित ढाळ सिंककडे ठेवावा, म्हणजे पाणी भिंतीशी साचत नाही. पुढील कडेच्या खालच्या अंगास पाणी तोडणारी बारीक खाच मारून घ्यावी. तीमुळे सांडलेले पाणी ट्रॉल्यांत उतरत नाही. सिंक व भिंत यांचे सांधे भरल्यावर पाणी सोडून गळती पाहिल्याशिवाय हिशेब पुरा करू नये. त्यानंतर काही दिवस ओट्यावर भार देऊ नये, त्यावर चढून दिवा बदलू नये. या कामात एक-दोन दिवस नळ व शेगडी बंद राहते. जेवणाची व्यवस्था शेजारी किंवा आप्तांकडे आधीच बोलून ठेवावी.

आमच्या दोन चुका

इतके सर्व आम्ही आज सांगतो, ते शहाणपण २०१८ साली आमच्यापाशी नव्हते. निवृत्तीनंतर आम्ही पुण्यास मुलापाशी राहावयास आलो. सदनिकेचा ओटा नवा करावयाचा ठरला. मुलाने एका छापील पुस्तिकेतील चित्र दाखविले. तीत उंची छत्तीस इंच दिली होती. आम्ही मिस्त्रींस विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, आजकाल सगळे छत्तीसच ठेवतात." बाप, मुलगा व मिस्त्री असे तिघे पुरुष टेप घेऊन उभे राहिलो आणि उंची ठरली. आमच्या सौ. त्या वेळी चहा गाळीत होत्या. त्यांस कोणी विचारले नाही.

आमच्या सौ.ची उंची चार फूट दहा इंच. छत्तीस इंचांचा ओटा त्यांच्या कोपराशी आला. त्यावर शेगडी, शेगडीवर कुकर. आत काय शिजते ते दिसावयास त्यांना टाचा उंचवाव्या लागत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, हा ओटा माझ्यासाठी केलाय की भिंतीसाठी?" आम्ही हसण्यावारी नेले. दोन दिवसांनी त्यांनी आपणच उपाय शोधला. जेवावयास बसण्याचा सागवानी पाट त्यांनी ओट्यापाशी ठेवला व त्यावर उभ्या राहून पोळ्या करू लागल्या. ज्या पाटावर बसून आमच्या आईने रांधले, त्याच पाटावर चढून आमची पत्नी रांधू लागली, आणि इतिहासाच्या शिक्षकास त्यात काही वावगे दिसले नाही.

पुढील वर्षी श्रावणात तो पाट गुळगुळीत फरशीवरून सरकला. सौ. पडल्या व उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. सून नोकरीस जाई. म्हणून दुपारचे रांधणे आमच्याकडे आले. बासष्टाव्या वर्षी आम्ही प्रथमच सलग दोन तास ओट्यापाशी उभे राहिलो. आमची उंची पुरेशी असूनही पाठीस रग लागली, तेव्हा खांदे उचलून उभे राहणारीचे काय होत असेल याचा उमज पडला.

ओटा खाली घेण्याचे ठरले. सौ.ना उभे केले, कोपर दुमडून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतले. कोपराच्या साधारण चार ते सहा इंच खाली ओटा असावा, हा हिशेब उपयोगी पडतो. शेगडीची बाजू आणखी थोडी खाली चालते, आणि सिंक खोल असल्यामुळे त्याची बाजू किंचित उंच सोयीची होते. आमची सून चांगली उंच आहे. तिने आपण होऊन सांगितले, "बाबा, शेगडी आईंच्या मापानं घ्या, सिंककडची बाजू माझ्या मापानं ठेवा." त्याप्रमाणे शेगडीची बाजू बत्तीस इंच व सिंकची चौतीस इंच झाली. ओटा दोन पातळ्यांचा दिसतो. पाहुणे कारण विचारतात, आणि सौ. ते सविस्तर सांगतात.

ही झाली पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी. पहिल्या वेळी ग्रॅनाइट कापण्याचे काम आमच्याच गॅलरीत झाले. कापणारा विशी-बाविशीचा परप्रांतीय मुलगा, तोंडास रुमाल बांधलेला. यंत्र सुरू होताच पांढऱ्या धुळीचा लोट उठे. तुळस, कपडे, त्याच्या पापण्या, सर्व पांढरे होई. तो मधूनमधून खोकत असे. पात्यावर पाणी सोडून कापले तर धूळ बसते हे मिस्त्रींस ठाऊक होते. पण पाणी खाली गळते, शेजारी ओरडतात, असे ते म्हणाले. आणि आम्हीही, नवी फरशी चिखलाने भरेल म्हणून, "कोरडेच कापा" असे सांगितले. त्या मुलास चहा व पाणी दिले आणि आपले कर्तव्य झाले असे मानले.

त्या धुळीत सिलिका असते. तिचे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत, रुमालाने अडत नाहीत. ते फुप्फुसात रुतून बसतात व तेथे व्रण धरतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुस एकदा असे बिघडले म्हणजे ते पूर्ववत करणारे औषध नाही. कारखान्यांसंबंधीच्या १९४८ सालच्या कायद्यात हा रोग सरकारास कळविण्याजोग्या रोगांत घातला होता. राजस्थानात दगडखाणीत व घडाईत राबणारे या रोगाने फार पिडले, म्हणून तेथील राज्य सरकारने २०१९ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. ग्रॅनाइटमध्ये सिलिकेचे प्रमाण साधारण चतुर्थांशाहून अधिक असते. कारखान्यात बनलेल्या क्वार्ट्झच्या तक्त्यात ते नव्वद टक्क्यांच्या वरही जाते. ऑस्ट्रेलियात असे तक्ते कापणारे तरुण कामगार या रोगास बळी पडू लागल्यावर तेथील सरकारांनी १ जुलै २०२४ पासून त्या तक्त्यांवर बंदी घातली. घरात बसलेला ओटा घरच्यांस अपाय करीत नाही. अपाय होतो तो कापणाऱ्यास, आणि तोही आपल्या दाराशी.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही अट घातली, की कापणे-घासणे वखारीतच, पाण्याखाली व्हावे. घरी फक्त बसवावे, आणि काही किरकोळ कापणे निघालेच तर पात्यावर पाणी असावे व तोंडास धूळ रोखणारा खरा मास्क असावा. खर्च थोडा वाढला. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले, गॅलरीत जुनी ताडपत्री अंथरली. कोणी ओरडले नाही. पहिल्या वेळच्या त्या मुलाचा आम्ही मिस्त्रींपाशी तपास केला. तो गावी गेला, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्याचे नावही आम्ही विचारून ठेवले नव्हते.

कैलास लेण्याच्या राजाचे नाव आम्ही मुलांकडून वर्षानुवर्षे पाठ करून घेतले. ते कोरणाऱ्या हजारो हातांविषयी कधी प्रश्न घातला नाही. तीच सवय आम्ही आपल्या गॅलरीत चालविली, असे आता वाटते.

ज्ञातिबंधूंस विनंती इतकीच. आपल्या घरी ओटा करावयाचा असेल तेव्हा दगडाचा रंग व भाव यांची चर्चा अवश्य करा. पण टेप हाती घेण्यापूर्वी जी तेथे उभी राहणार तिला बोलवा व तिच्या कोपराचे माप घ्या. आणि मिस्त्रींशी बोलणी करताना भावाच्या आधी हे विचारा, की कापणार कोठे, व पात्यावर पाणी असणार की नाही. आपल्यापैकी ज्या तरुणांनी बांधकामाचा व्यवसाय पत्करला आहे, त्यांनी ही अट आपल्याकडून घातली तर आपल्या ज्ञातीच्या लौकिकात भरच पडेल. नव्या ओट्यावर प्रथम दूध उतू घालण्याची आपली चाल आहे. पुढील वर्षभरात ज्या ज्या घरी ते दूध उतू जाईल, त्या त्या घरच्या माउलीस तो ओटा सुखाचा होवो. इत्यलम्.